एक कोटी शब्द : लांबत जाणाऱ्या कथेच्या मोजदादीचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेली माणसं आता इंटरनेटवरच्या कादंबऱ्यांचे शब्द मोजत बसली की काय! तर हो, आज आपण शब्दच मोजणार आहोत. पण मोजता मोजता एक प्रश्नही विचारणार आहोत : माणूस शब्द का मोजतो? मोजल्याने त्याला नेमकं काय मिळतं? हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. आपल्याकडे तो निदान अडीच हजार वर्षं जुना आहे.

सुरुवात आजच्या काळातल्या एका उदाहरणापासून करू. ‘द वाँडरिंग इन’ नावाची एक इंग्रजी वेब-कादंबरी आहे. लेखकाने ‘पायरेटआबा’ असं टोपणनाव घेतलं आहे. आपल्या जगातली एक तरुण मुलगी दुसऱ्याच कुठल्या जगात जाऊन पडते आणि तिथे एक सराय चालवू लागते, एवढंच तिचं बीज. २०१६ मध्ये ती सुरू झाली. ठरलेल्या वारी नवं प्रकरण यायचं, आणि एकेक प्रकरण कधी कधी छोट्या पुस्तकाएवढं. पहिलं दशक पुरं व्हायच्या आतच या कादंबरीने एक कोटी शब्दांचा टप्पा ओलांडला, आणि ती थांबली नाही.

एक कोटी म्हणजे किती, याचा अंदाज घेऊ या. टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ इंग्रजी भाषांतरात साधारण पावणेसहा लाख शब्दांची आहे. प्रूस्तची सात भागांची महाकादंबरी साडेबारा लाखांच्या आसपास. महाभारताचे अठराएक लाख शब्द असावेत, असा ढोबळ अंदाज सांगतात. म्हणजे एक कोटी शब्दांत पाच महाभारतं मावतील आणि वर थोडी जागा उरेल. वाचकाच्या बाजूने हिशेब करा. मिनिटाला दोनशे शब्द वाचले, तर एक कोटी शब्दांना पन्नास हजार मिनिटं लागतात, म्हणजे आठशे तेहतीस तास. रोज दोन तास नेमाने वाचणाऱ्याला वर्षावर आणखी दोनेक महिने हवेत. आणि लेखकाच्या बाजूने? पुरी दहा वर्षं धरली, तरी एकही सुट्टी न घेता रोज सत्तावीसशेच्या वर शब्द लिहावे लागतात.

ही कादंबरी एकटी नाही. ‘वाइल्डबो’ या नावाने लिहिणाऱ्या जॉन मॅक्रे यांची ‘वर्म’ ही वेब-कादंबरी जून २०११ ते नोव्हेंबर २०१३ या अडीचेक वर्षांत सोळा-सतरा लाख शब्दांपर्यंत गेली आणि संपलीही. चीनमध्ये लाखो अक्षरांच्या कादंबऱ्या तर सर्रास आहेत. या सगळ्या लेखक-वाचकांच्या जगात एक छोटासा सण असतो. दहा लाख शब्द झाले, वीस लाख झाले, की लेखक तसं जाहीर करतो आणि वाचक अभिनंदन करतात. जुन्या वळणाचा साहित्यरसिक यावर म्हणेल, “अहो, हा काय क्रिकेटचा धावफलक आहे? साहित्य कधी वजनावर विकतात का?”

या रसिकाचा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. पण त्याला उत्तर देण्याआधी इतिहासाकडे जायला हवं. कारण मोजदाद ही साहित्याबाहेरून, बाजारातून आलेली कुणी परकी गोष्ट आहे, असं हा आक्षेप गृहीत धरतो. इतिहास वेगळंच सांगतो.

ऋग्वेदाकडे पाहा. अनुक्रमणी नावाचा जो ग्रंथवर्ग आहे, त्यात सूक्तांच्या ऋषी, देवता, छंदांच्या याद्या आहेतच. पण परंपरेने ऋग्वेदाची पूर्ण मोजणीही करून ठेवली आहे. ऋचा १०,५८० आणि वर एक चरण. पदं, म्हणजे शब्द, १,५३,८२६. अक्षरं ४,३२,०००. आता गंमत पाहा. ही शेवटची संख्या बारा हजार गुणिले छत्तीस इतकी आहे आणि बृहती छंदात छत्तीस अक्षरं असतात. शतपथ ब्राह्मणात बारा हजार बृहतींचा उल्लेख येतो. म्हणजे ही अक्षरसंख्या काही प्रमाणात प्रत्यक्ष मोजलेली आणि काही प्रमाणात मनात धरलेली, पवित्र मानलेली संख्या असावी. ते बाजूला ठेवू. पण शब्दांची संख्या शेवटच्या सव्वीसापर्यंत सांगणारी माणसं केवळ भक्तीने सांगत नव्हती. ग्रंथ लिहिलेला नाही, तोंडी चालत आलेला आहे. त्यात एक शब्द घुसला किंवा गळला तर कळणार कसं? म्हणून मोजून ठेवा. मोजणी हे कुलूप होतं.

ज्यू परंपरेत हेच दिसतं. तालमुदात म्हटलं आहे, की पूर्वीच्या विद्वानांना ‘सोफेरीम’ म्हणत, कारण ते तोरामधली अक्षरं मोजत. हिब्रूमध्ये लिहिणं आणि मोजणं यांचं मूळ एकच आहे. आजही तोराच्या हस्तलिखिताची अक्षरसंख्या ३,०४,८०५ अशी सांगतात. नक्कल करणाऱ्याचा हात चुकला तर मोजणी बोंब मारते.

आता महाभारत. हा ग्रंथ स्वतःबद्दल बोलतो. मूळ भारत उपाख्यानांशिवाय चोवीस हजार श्लोकांचं होतं, असं आदिपर्वातच सांगितलं आहे. आणि एक लाखाची ‘शतसाहस्री संहिता’ ही ओळख तर सहाव्या शतकातल्या ताम्रपटापर्यंत पोचलेली आहे. आदिपर्वातलं पर्वसंग्रहपर्व उघडा. कुठल्या पर्वात किती अध्याय, किती श्लोक, याची तिथे चक्क जंत्री आहे. आमच्या समजुतीप्रमाणे, आपली लांबी स्वतःच्या पोटात नोंदवून ठेवणारा हा जगातल्या मोठ्या ग्रंथांपैकी एक असावा.

आणि तरी काय झालं? कुलूप होतं, पण किल्ल्या फार जणांकडे होत्या. प्रत्येक प्रांताने आपली भर घातली. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६ मध्ये पूर्ण झालं. वि. स. सुकथनकरांनी त्याला शास्त्रीय शिस्त लावली. ते १९४३ मध्ये गेले, आणि पुढे बेलवलकर, वैद्य अशा संपादकांनी काम तडीस नेलं. बाराशेवर हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. हाती आलेली संहिता लाखापेक्षा कमी भरली. इथे जरा थांबून विचार करा. एका पिढीने वाढवत नेलेली कथा दुसऱ्या पिढीने सत्तेचाळीस वर्षं खपून कमी केली, आणि ती दोन्ही कामं आपण ग्रंथसेवा म्हणूनच ओळखतो.

मराठीतलं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत पाठ बिघडले होते, ओव्या शिरल्या होत्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या घरात आहेत. त्यांत आपली एखादी ओवी कुणी मिसळू नये, अशी ताकीद परंपरेने त्या प्रतीशी जोडून ठेवली आहे. म्हणजे जिथे भक्ती सर्वांत जास्त, तिथे मोजणीही सर्वांत काटेकोर. आपल्या रसिकाने हे लक्षात ठेवावं.

मोजणीचं दुसरं काम मजुरीचं. संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या शेवटी, विशेषतः जैन पोथ्यांत, ‘ग्रंथाग्र’ म्हणून एक आकडा दिलेला असतो. इथे ‘ग्रंथ’ म्हणजे पुस्तक नव्हे. बत्तीस अक्षरांचं एक माप. अनुष्टुभ श्लोकात बत्तीस अक्षरं असतात, म्हणून गद्य असलं तरी त्याची अक्षरं मोजून बत्तिसाने भागायचं. ग्रंथाग्र पाच हजार म्हणजे त्या पोथीत पाच हजार गुणिले बत्तीस इतकी अक्षरं. त्यावरून पोथी पुरी आहे की त्रुटित, हे समजे आणि लेखकूला किती द्यायचं, हेही ठरवता येई.

ग्रीक-रोमन जगात हेच माप ओळीचं होतं. होमरच्या एका ओळीएवढी, म्हणजे साधारण पंधरा-सोळा अक्षरांची, प्रमाण ओळ धरत. दोन ओळी म्हणजे आपला एक ‘ग्रंथ’. हा योगायोग आम्हाला नेहमीच आवडतो. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इसवी सन ३०१ मध्ये महागाई रोखण्यासाठी भावांचा जाहीरनामा काढला. त्यात लेखकूचा दरही आहे : उत्तम अक्षराच्या शंभर ओळींना पंचवीस दिनार, दुय्यम अक्षराच्या शंभर ओळींना वीस. त्याच जाहीरनाम्यात शेतमजुराला जेवणासह दिवसाला पंचवीस दिनार लिहिले आहेत. म्हणजे शंभर सुरेख ओळी बरोबर नांगर-कुदळीचा एक दिवस. लेखनाचं इतकं स्पष्ट मोल त्यानंतर क्वचितच कुणी लिहून ठेवलं असेल.

पण हे पैसे नकल करणाऱ्याचे. रचणाऱ्याला लांबीवर पैसे मिळण्याची पद्धत फोफावली ती एकोणिसाव्या शतकात, वर्तमानपत्रं आणि हप्त्याने येणाऱ्या कादंबऱ्यांच्या काळात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. डिकन्सला शब्दावर पैसे मिळत, म्हणून तो पाल्हाळ लावतो, असं महाविद्यालयांतून सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये एक शिलिंगाच्या मासिक भागांत आली. भाग बत्तीस पानांचा, आणि पैसे भागावर. म्हणजे लांबी आधीच ठरलेली. लांबवून फायदा नव्हता, कमी भरलं तर मात्र पंचाईत होती. सुरुवातीला शे-चारशे प्रती खपणारी ती कादंबरी शेवटी चाळीस हजारांवर गेली.

ओळीवर पैसे मिळत ते फ्रान्समध्ये, ड्यूमासारख्यांना. ‘थ्री मस्केटिअर्स’ १८४४ मध्ये वर्तमानपत्रातून आली. तिच्यात एक नोकर आहे, तो एकेका शब्दात बोलतो; आणि एक शब्द उच्चारला की ओळ संपते, ओळ संपली की पैसे. पुढे वर्तमानपत्राने अपुऱ्या ओळींचे पैसे देणं बंद केलं, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो-नसो, तिच्यात एक तत्त्व आहे : जे माप पैशाला बांधलं जातं, त्या मापाच्या आकाराचं लेखन होऊ लागतं.

चीनमधल्या वेब-कादंबऱ्यांना हे अगदी लागू पडतं. ‘छीत्येन’ या संकेतस्थळाने २००३ मध्ये वाचकांकडून प्रकरणागणिक पैसे घ्यायला सुरुवात केली. दर हजार अक्षरांना काही फेन, म्हणजे युआनचे शंभरावे भाग. वाचकाला ही रक्कम चणे-फुटाण्यासारखी. पण लाखो वाचक, लाखो अक्षरं, असा गुणाकार झाला की एखादा लेखक श्रीमंत होतो. पण त्याने रोज लिहिलं पाहिजे. एक दिवस चुकला तर वाचक दुसऱ्या कादंबरीकडे वळतो. वर्षानुवर्षं एकही दिवस न चुकवणारे लेखक तिथे झाले आहेत. डायोक्लेशियनचा लेखकू आणि हा लेखक यांच्यात सतरा शतकांचं अंतर आहे, पण दर मात्र पुन्हा शंभर ओळींवर, हजार अक्षरांवर आलेला आहे.

इथे मापाबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. चिनी लेखक अक्षरं मोजतात, इंग्रजी लेखक शब्द मोजतात. आणि आपण? इंग्रजीत ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ म्हणायला चार-पाच शब्द लागतील; मराठीत तो एकच शब्द आहे. संस्कृतात तर एक समास अख्खी ओळ खातो. तेव्हा एक कोटी इंग्रजी शब्दांची कादंबरी मराठीत आणली तर ती एक कोटीची राहणार नाही, बरीच खाली येईल. म्हणून काही ती लहान झाली असं होत नाही. आपल्या जुन्या माणसांनी शब्द सोडून अक्षरांचं माप धरलं, त्यात शहाणपण होतं. टप्पा साजरा करताना हे भान असावं, की टप्प्याचा दगड कुणी तरी रोवलेला असतो, तो जमिनीतून उगवलेला नसतो.

आता तिसरं काम. याला आम्ही सोबत म्हणतो. मराठी वाचकाला हप्त्याने येणाऱ्या कादंबरीची गोडी कशी लागली? त्याच्या मुळाशी आज इंग्लंडमध्ये जवळजवळ विसरलेला एक लेखक आहे, रेनल्ड्स. १८४४ पासून ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ ही त्याची पेनीच्या साप्ताहिक भागांतली कादंबरी निघू लागली. हिंदुस्थानात रेनल्ड्स अफाट वाचला गेला, भाषांतरित झाला. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ त्याच्याच प्रभावाखाली लिहिलेली. पण पुढे १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू झालं आणि त्यात ‘पण लक्षांत कोण घेतो’ येऊ लागली, तेव्हा हरिभाऊंनी त्या साच्यात वेगळाच माल ओतला. रहस्य नाही, खून नाही. एका ब्राह्मण घरातल्या मुलीची, यमूची, तिच्याच तोंडून सांगितलेली कहाणी. वाचकांनी ती एका बैठकीत वाचली नाही. आठवड्यांमागून आठवडे यमू त्यांच्या घरात राहिली. तिचं लग्न, तिचं वैधव्य, तिच्यावरची जबरदस्ती हे सगळं वाचकाच्या स्वतःच्या आयुष्यातल्या आठवड्यांच्या बरोबरीने घडत गेलं. आपल्या घरातल्या मुलीकडे पाहण्याची नजर ज्यांची बदलली असेल, त्यांची ती या सोबतीने बदलली असणार. हेच पुस्तक तीन दिवसांत वाचणाऱ्या आपल्याला ते पुरतं कळतं का, याची आम्हाला शंका आहे. ‘क्रमशः’ हा शब्द नुसता संपादकाच्या सोयीचा नव्हता. पुढच्या अंकापर्यंत वाचक त्या शब्दात मुक्कामाला असे.

लखनौमध्ये याच सुमारास त्याहून प्रचंड उद्योग चालू होता. नवल किशोर छापखान्याने अमीर हमज्याची उर्दू दास्तान छापायला घेतली. मुहम्मद हुसेन जाह, अहमद हुसेन कमर, तसद्दुक हुसेन असे दास्तानगो ती रचत-सांगत गेले आणि शेहेचाळीस जाडजूड खंड निघाले, चाळीस हजारांवर पानं. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा त्यातलाच भाग, १८८३ पासून छापलेला. हे पुढे इतकं विखुरलं, की संपूर्ण शेहेचाळीस खंड एका जागी जमवणं हेच शम्सुर रहमान फारुकींसारख्या विद्वानाच्या आयुष्यातलं एक मोठं काम ठरलं. लांबी होती, वाचक होते, छापखाना होता, जपणूक नव्हती. हा मुद्दा लक्षात असू द्या, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

या सगळ्या लांबीची किंमत कोण देतं? शरीर देतं. जपानमध्ये क्योकुतेई बाकिन याने १८१४ मध्ये आठ वीरांची कथा लिहायला घेतली, ‘नान्सो सातोमी हाक्केनदेन’. ती संपली १८४२ मध्ये. अठ्ठावीस वर्षं, एकशे सहा पुस्तिका. वाटेत मुलगा गेला, आणि अखेरच्या वर्षांत दृष्टीही गेली. तेव्हा त्याची विधवा सून मिची लिहायला बसली. तिला अवघड चिनी अक्षरं येत नव्हती. म्हाताऱ्याला दिसत नाही, सुनेला लिहिता येत नाही. एकेक अक्षर कसं काढायचं ते तो तोंडाने सांगणार आणि ती ते काढणार. अशी ती कथा पुरी झाली. व्यास सांगतो आणि गणपती लिहितो, हे चित्र आपण लहानपणापासून पाहतो. पण आमच्या डोळ्यांसमोर आता व्यासाच्या शेजारी ही सून येते. मोठ्या आकड्यामागे असं कुणी तरी जवळजवळ नेहमी असतं, आणि आकडा जाहीर करताना त्याचं नाव क्वचित येतं.

आता त्या रसिकाच्या आक्षेपाकडे वळू. इंग्रज कादंबरीकार ट्रॉलपने आत्मचरित्रात सरळ सांगून टाकलं, की तो समोर घड्याळ ठेवून लिहितो, दर पाव तासाला अडीचशे शब्द. १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ते आत्मचरित्र छापलं गेलं, आणि त्याच्या नावाला धक्का बसला. मोजून लिहिणारा तो कलावंत कसला? गंमत म्हणजे ज्यांना हे खटकलं, त्यांना मोजून जप करणारा माणूस भोंदू वाटला असता का? आपल्याकडे परंपरा सांगते, की समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं राहून तेरा कोटी रामनामाचा जप केला. घरोघरी बायकांनी वह्यांच्या वह्या भरून रामनाम लिहिलं, आणि शेवटी आकडा टाकला. त्यात कुणाला व्यापार दिसला नाही. कारण तिथे मोजणी हा संकल्प आहे. मन आज लागो न लागो, उद्याचा आकडा पुरा करायचा आहे. मन भरकटतं, आकडा बसवून ठेवतो. आमच्या मते मोजणीचं हे चौथं काम, व्रताचं, आणि वेब-कादंबरीकाराच्या टप्प्याचं खरं नातं याच्याशी आहे.

पण व्रतातही एक फरक करायला हवा. शिकागोत हेन्री डार्गर नावाचा एक सफाई कामगार राहत असे. एका भाड्याच्या खोलीत त्याने कित्येक दशकं एक कथा लिहिली, पंधरा हजारांवर टंकलिखित पानं. कुणालाही न दाखवता. १९७३ मध्ये तो वारला, त्याच्या थोडं आधी घरमालकाला हे सगळं सापडलं. शब्दांच्या हिशेबात तो आजच्या वेब-लेखकांच्या पंक्तीत बसतो. पण त्याच्या दहा लाखाव्या शब्दाला कुणी टाळी वाजवली नाही, कारण तो शब्द आला हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. म्हणजे पाहा : लिहून झालेले शब्द ही एक गोष्ट, आणि टप्पा ही दुसरी. टप्प्याला साक्षीदार लागतो.

आता तत्त्वज्ञानाचा थोडा त्रास देतो. अॅरिस्टॉटल ‘पोएटिक्स’मध्ये म्हणतो, की कथानक स्मरणात एकत्र धरता येईल एवढ्याच लांबीचं असावं. हजारो स्टेडिया लांबीचा, म्हणजे कित्येक कोस पसरलेला प्राणी असला, तर तो सुंदर वाटणार नाही. कारण तो एका नजरेत मावतच नाही. या कसोटीवर एक कोटी शब्दांची कादंबरी म्हणजे तोच प्राणी. शेपटीकडे पोचेपर्यंत तोंड विसरलं जातं. याला एक उत्तर असं, की वाचकांनी या प्राण्यासाठी नवी नजर तयार केली आहे. ते पात्रांच्या सूची करतात, नकाशे काढतात, काळाचे तक्ते मांडतात. पर्वसंग्रहपर्व जे काम करी, ते आता वाचकमंडळी मिळून करतात. एकाच्या स्मरणात जे मावत नाही, ते अनेकांच्या स्मरणात मावतं. वेदपाठी शाखांनी याहून वेगळं काय केलं होतं?

दुसरा पेच आपल्या म्हणीतच आहे. थेंबे थेंबे तळे साचे. खरं, पण कितव्या थेंबाला तळं झालं? नव्याण्णव लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवाव्या शब्दाला जी कादंबरी होती, ती पुढच्या एका शब्दाने वेगळी होत नाही. ग्रीकांनी हा पेच धान्याच्या राशीवरून मांडला. तर्काने पाहिलं तर टप्पा नावाची गोष्टच नाही. पण वारकऱ्याला विचारा. आळंदी ते पंढरपूर या वाटेवर सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम आहेत. रस्त्याला त्यांची गरज नाही; चालणाऱ्याच्या पायांना आहे. तिथे पाणी मिळतं, माणसं भेटतात, मागे कोण राहिलं ते पाहता येतं. शब्दांचा टप्पा हा असा मुक्काम आहे. तो गुणवत्तेचं प्रमाणपत्र नाही, हे रसिकाचं म्हणणं मान्य. पण तसा दावा वारकरीही फलटणला पोचल्यावर करत नाही.

मग इथे पणाला काय लागलेलं आहे? दोन गोष्टी, आणि दोन्ही आजच्या आहेत.

पहिली. आतापर्यंत मोठा आकडा हा श्रमाचा पुरावा होता. बाकिनचे डोळे, मिचीचा हात, लेखकूचा दिवस त्यात जिरलेला होता. आता यंत्राला सांगितलं, तर ते न थकता पानांमागून पानं मजकूर काढून देतं. तेव्हा नुसत्या आकड्याची साक्ष इथून पुढे चालणार नाही. मग टप्प्यात उरतं काय? आमच्या मते दिवस उरतात. एक माणूस इतकी वर्षं ठरलेल्या वारी परत आला. त्या वर्षांत तो आजारी पडला असेल, त्याच्या घरी कुणी गेलं असेल, त्याची पात्रं त्याच्याबरोबर वयाने वाढली. आणि वाचकही तेवढीच वर्षं थांबले, त्यांचीही लग्नं झाली, नोकऱ्या गेल्या, मुलं झाली. ही परस्परांची वाट पाहणं कुठल्याच वेगवान यंत्राला करून दाखवता येत नाही, कारण ती वेगाने होतच नाही. म्हणून लेखकांना आमची सूचना अशी, की शब्दांच्या आकड्याशेजारी वर्षांचाही आकडा लिहावा. आणि चीनमधल्या त्या रोजच्या रतीबाकडे पाहून वाचकांना विनंती अशी, की एखादा वार चुकला तर रागावू नये. वारीतही विसाव्याचा दिवस असतो.

दुसरी गोष्ट जपणुकीची. मोजणीचं सर्वांत जुनं काम राखण हे होतं, आणि वेबवर नेमकं तेच आपण विसरलो आहोत. पडद्यावरचा मजकूर रातोरात बदलता येतो. संकेतस्थळ बंद पडलं तर एक कोटी शब्द एका क्षणात जातात. ‘द वाँडरिंग इन’चा पहिला खंड लेखकाने पुढे नव्याने लिहून काढला. लेखकाचा तो हक्कच आहे. पण पहिल्या वाचकांनी जो पाठ वाचला, तो कुठे आहे? उद्याच्या सुकथनकरांना दोन पाठ ताडून पाहायचे असतील, तर हाती काय लागेल? शेहेचाळीस खंड छापून झाल्यावरही दास्तान विखुरली. इथे तर कागदही नाही. तेव्हा टप्पा गाठला की अभिनंदन जरूर करा. त्याच दिवशी तोवरच्या मजकुराची एक पूर्ण प्रत, तारीख घालून, शब्दसंख्या लिहून, दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. पोथीच्या शेवटी ग्रंथाग्र लिहून लेखकू हात जोडत असे, ते याचसाठी.

मराठीतही आज तरुण मंडळी मोबाइलवर हप्त्याहप्त्याने कथा लिहीत आहेत. त्यांतल्या काही लाखांच्या पुढे जातील. त्यांचं लेखन कसं आहे, ते काळ आणि वाचक ठरवतील. तो निवाडा आम्ही इथे देत नाही. पण त्यांच्यापैकी कुणी आनंदाने सांगितलं, की आज माझे पाच लाख शब्द झाले, तर “मग काय झालं?” असं म्हणू नका. तेरा कोटींची नोंद ठेवणाऱ्या मुलुखातली आपण माणसं. विचारा, किती वर्षं झाली? कोण कोण सोबत होतं? आणि प्रत जपून ठेवली आहे ना?

आज एवढंच. पुढचं पुढच्या वेळी, क्रमशः.